ख्रिस्तपुराण आणि श्रवण

फादर थॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें आहे त्यांतील बराच मोठा भाग भाषेसंबंधीं आहे. ग्रंथारंभींची मराठीची स्तुति पुष्कळांच्या तोंडीं असते. आम्हीही ती वर्गांत वर्षानुवर्षें शिकविली आणि तिच्यापुढें काय आहे याची चौकशी केली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. सेवानिवृत्तीनंतर मात्र रोज एक अवस्वरू याप्रमाणें आम्हीं सबंध ग्रंथ मोठ्यानें वाचला. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरू, मिळून सुमारें ११,००० ओव्या. या वाचनांत आमची अशी खात्री झाली कीं, शास्त्रांतून ईश्वराचें बोलणें कसें ऐकावें हा या ग्रंथाचा खरा विषय आहे, आणि त्याचे गुणदोष त्याच कसोटीवर पाहावयास हवेत.

स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं वारला. मधलीं बहुतेक वर्षें साष्टींत गेलीं. त्या साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं आणि जुन्या पोथ्या नवख्रिस्त्यांस वर्ज्य झाल्या होत्या. पुराणश्रवणाची संवय हुकुमानें मोडत नाहीं. ग्रंथाच्या आरंभीं एक श्रोता पाद्रीस विनवितो कीं, धर्माचे पाठ मिळाले, परंतु पूर्वीच्या पुराणांच्या जागीं ऐकावयास कांहीं नाहीं. ज्या सत्तेच्या अमलांत पोथ्या गेल्या तिच्याच छत्राखालील पाद्रीजवळ हें मागणें करावें लागलें! पोथ्यांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस या विनंतींतील दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

बायबलाच्या जुन्या करारांत शमुवेलाची कथा आहे. शिलो येथील मंदिरांत रात्रीं निजलेल्या त्या मुलास हाक ऐकूं येते. गुरूनेंच बोलाविलें असें समजून तो तीन वेळां वृद्ध एलीकडे धांवतो. तिसऱ्या खेपेस एली उमजतो, आणि स्वतः कांहीं न सांगतां त्याला परत जाऊन निजावयास व पुन्हां हाक आल्यास ऐकत असल्याचें सांगावयास लावतो. मुलें हाक कोणाचीही असली तरी मास्तरांकडे धांवतात, हा आमचाही अनुभव. पण त्यांना परत पाठविण्याचें धैर्य आम्हांस क्वचितच झालें. धर्मग्रंथाच्या निरूपणकारास आम्ही हेंच माप लावूं इच्छितों.

या मापानें स्टीफन्स सर्वत्र उतरत नाहीं. मूर्तिपूजेच्या खंडनाचा प्रसंग आला कीं पाद्रीचा आवाज चढतो. श्रोत्याची शंका पुरती मांडली जाण्यापूर्वींच उत्तर तयार असतें. अशा ठिकाणीं एकट्या एलीचेंच बोलणें ऐकूं येतें. परंतु दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें कथन सुरू झालें म्हणजे तोच निरूपणकार मागें सरतो. स्टीफन्स जेझुइट होता. संस्थापक इग्नेशियस याच्या साधनाग्रंथांत शास्त्रांतील प्रसंग डोळ्यांनीं पाहावा, कानांनीं ऐकावा, त्यांत स्वतः उभें राहावें असा अभ्यास सांगितला आहे. ओवीच्या संथ चालीस तो अभ्यास विलक्षण मानवला. एकेका प्रसंगावर वाचणाऱ्याचा श्वास थांबतो. पुढची ओवी लगेच उच्चारवत नाहीं. आम्ही ख्रिस्ती नाहीं. तरीही या थांबण्यास श्रवण याखेरीज दुसरें नांव आम्हांस सुचत नाहीं.

येथें पाठभेदाचा प्रश्न उपस्थित होतो. रायतूर येथें १६१६ सालीं छापलेली मूळ आवृत्ति, तसेंच १६४९ व १६५४ च्या आवृत्त्या, यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. जोसेफ साल्डाना यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून ग्रंथ छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहाची प्रत देवनागरी आहे आणि पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागीं तींत संस्कृत संज्ञा आढळतात. मूळ पाठ कोणता याचा वाद जस्टिन अ‍ॅबट यांच्या १९२३ च्या लेखापासून चालू आहे. संस्कृतावर पोसलेल्या आमच्या कानास देवनागरी प्रत गोड लागते, यांत नवल नाहीं. परंतु मोठ्यानें वाचतांना उलटाच प्रत्यय आला. ओळखीची संस्कृत संज्ञा जुना अर्थ बरोबर घेऊन येते. ऐकणारा तो आपणांस ठाऊकच आहे असें समजून पुढें सरकतो. परकी संज्ञा त्याला अडवते व विचारावयास लावते. यावरून कोणता पाठ आधींचा हें ठरत नाहीं, पण संस्कृत पाठ तेवढा श्रेष्ठ हा आमच्यांतील पुष्कळांचा समज आम्हीं तरी सोडला आहे.

ज्यांच्या संग्रहीं या पुराणाची पोथी, अपुरी कां होईना, असेल त्यांनीं पाठांबरोबरच कोणतीं पानें बोटांनीं अधिक मळलीं आहेत व कोणत्या ओव्यांजवळ थांबण्याच्या खुणा आहेत तेंही नोंदवून कळवावें. स्वच्छ पानांचे आंकडेही अवश्य द्यावे.