कंठहार आणि मौन : सीरा-वाङ्मयातील युद्धबंदी

इब्न इसहाकने आठव्या शतकात रचलेले प्रेषित मुहंमदांचे चरित्र इब्न हिशामच्या संपादित रूपात आज उपलब्ध आहे. त्यातील बद्रच्या लढाईतील (इ. स. 624) युद्धबंदींचा प्रसंग वाङ्मयीन दृष्ट्याही लक्षणीय होय. बंदींमध्ये प्रेषितांचे जावई अबुल आस होते. त्यांच्या सुटकेसाठी पत्नी झैनब यांनी, आई खदीजा यांनी लग्नात दिलेला कंठहार मक्केहून पाठविला. तो पाहून प्रेषितांचे मन हेलावले. सहकाऱ्यांच्या संमतीने बंदी मुक्त झाला आणि हारही परत गेला.

या प्रसंगातील करुणा निर्विवाद आहे. परंतु नैतिक प्रश्न तिच्यातूनच उभा राहतो. ज्याच्यासाठी हार पाठविणारे कोणीच नाही, त्याचे काय? कुरआन युद्धबंदींना कृपेने वा खंडणी घेऊन सोडण्यास सांगते आणि गुलामाची मुक्तता हे पुण्यकर्म मानते. तथापि दास्याची संस्था ते रद्द करीत नाही. बंदिवान स्त्रियांवरील स्वामित्वही शिल्लक राहते, आणि त्या स्त्रियांचे मनोगत चरित्रकार फारसे नोंदवीत नाही.

बायझंटिन व सासानी साम्राज्यांतही दास्य रूढ होते, हे खरे. मात्र समकालीन प्रथेने कारण कळते, न्याय ठरत नाही. उलट, केवळ आजच्या मापाने निवाडा देणाऱ्याला संहितेतील मुक्तीची ओढ दिसत नाही. सौदी अरेबियात दास्य कायद्याने बंद झाले ते 1962 मध्ये. ओढ आणि व्यवस्था यांतील अंतर एवढे दीर्घ होते. झैनब यांच्या हाराबरोबर अनामिक बंदींचे मौनही वाचणे, हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.