हा तट कुणासाठी?

लेगोच्या विटांतून मध्ययुगीन आणि अद्भुतरम्य दृश्ये उभी करण्याची कला हातकौशल्याच्या बाबतीत आज ऐन भरात आहे. तिची समीक्षा मात्र बाल्यावस्थेतून बाहेर आलेली नाही. 1978 साली डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने किल्ल्यांच्या मालिकेतला पहिला संच काढला. त्यात 767 तुकडे, 14 शिलेदार आणि सपाट, पिवळ्याधमक भिंती होत्या. 2022 मध्ये कंपनीनेच काढलेल्या ‘लायन नाइट्स कॅसल’मध्ये 4514 तुकडे आहेत, आणि प्रौढ हौशी रचनाकार स्वतःच्या कल्पनेने जी दृश्ये रचतात त्यांत कित्येकदा एका टेकडीलाच याहून जास्त विटा लागतात. चार दशकांत भिंतीला पोत आला, छपराला गवत आले, दरीला धुके आले. या सगळ्याबद्दल बोलण्याची भाषा मात्र दोनच गोष्टींभोवती फिरते: तुकडे किती लागले, आणि कोणता तुकडा कुठे चलाखीने वापरला. रचनेचा तट कुणाला अडवण्यासाठी आहे, आत कोण राहते, त्यांना पाणी कुठून मिळते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. या कलेला आज सर्वांत जास्त गरज आहे ती याच प्रश्नांची, असे माझे ठाम मत आहे.

कौशल्य कमी लेखण्याचा हेतू नाही. ते किती बारीक आहे, हे एखाद्या चांगल्या भिंतीजवळ डोळे नेल्याशिवाय कळत नाही. विटेवरच्या दोन शेजारच्या स्टडांमधले, म्हणजे गोल उंचवट्यांमधले अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 आणि पातळ प्लेटची 3.2. म्हणजे पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की 16 मिलिमीटर होतात, आणि तीच दोन स्टडांची रुंदी. या एका जुळणीवर आडव्या बांधणीचे सगळे शास्त्र उभे आहे. बाजूला स्टड असलेली ‘हेडलाइट’ वीट वापरून तुकडे कडेवर, उलटे, बाहेर तोंड करून बसवता येतात आणि तरी एकूण माप चुकत नाही. त्यामुळे आजच्या भिंतीत दगडी सांध्यांचा नक्षीदार तुकडा, अर्ध्या स्टडाने पुढे आलेली टाइल, मधूनच एखादी गोल वीट, कोपऱ्यात इवलासा, उतरता ‘चीज स्लोप’ अशी सरमिसळ दिसते. तट तिरका न्यायचा तर सहा, आठ आणि दहा स्टडांचा काटकोन त्रिकोण बिजागरीवर बसवला जातो, म्हणजे तिरकी भिंतही दोन्ही टोकांना पक्की धरते. लाकडी चौकटीच्या युरोपीय घरात तपकिरी तिरप्या टेकूंच्या दोन्ही बाजूंना उरणारी त्रिकोणी फट कशी बुजवायची, यावर तर रचनाकारांनी कितीतरी वेगवेगळे तोडगे काढले आहेत. हे सारे कष्टाने कमावलेले ज्ञान आहे, आणि ते एकमेकांना मोकळेपणाने दिले गेले आहे.

अडचण यापुढे सुरू होते. पोत आणता येऊ लागला आणि तो सगळीकडे सारखाच पसरला. पायथ्यापासून चर्यांपर्यंत, पावसाच्या बाजूला आणि आडोशाला, श्रीमंत सरदाराच्या दिवाणखान्याबाहेर आणि कोठाराच्या मागे भिंत तितकीच खडबडीत, तितकीच शेवाळलेली. खऱ्या बांधकामात असे नसते. मध्ययुगीन गवंडी घडीव दगड जपून वापरत असे. कोपरे, दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि कमानी यांना घडीव चिरे, आणि मधल्या भागात ओबडधोबड भर. फ्रान्सच्या बर्गंडीत गेदलों येथे 1997 पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने नवा किल्ला बांधला जात आहे. तिथली छायाचित्रे पाहिली तरी हा भेद डोळ्यांत भरतो. परांचीसाठी भिंतीत ठेवलेली चौकोनी भोकेही तिथे दिसतात. विटांच्या किल्ल्यात अशी ओळीने चार भोके ठेवणे अगदी सोपे आहे, आणि त्यातून भिंत कुणीतरी थर चढवत बांधली हे आपोआप सांगितले जाते. पोत जेव्हा काही सांगतो तेव्हाच तो अर्थपूर्ण ठरतो. पन्हळीच्या तोंडाखालीच शेवाळ असेल तर ते पाण्याची वाट दाखवते. सगळीकडे असेल तर तो नुसता हिरवा रंग.

रंगाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. पहिला किल्ला पिवळा का, याचे कारण असे सांगितले जाते की राखाडी विटा दिल्या तर मुले रणगाडे बांधतील अशी कंपनीला धास्ती होती. 1984 च्या ‘किंग्ज कॅसल’मध्ये भिंती राखाडी झाल्या आणि तेव्हापासून राखाडी हाच किल्ल्याचा खरा रंग, पिवळा म्हणजे बालिश, असा समज रुजला. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. लंडनच्या बुरुजाला ‘व्हाइट टॉवर’ म्हणतात कारण तिसऱ्या हेन्रीने 1240 मध्ये तो चुन्याने पांढरा करवून घेतला. वेल्समधल्या कॉनवी किल्ल्यालाही चुन्याचा लेप होता. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यातले चौथ्या जेम्सचे भव्य सभागृह 1999 मध्ये पूर्ववत केले गेले तेव्हा त्याला पिवळसर सोनेरी चुन्याचा गिलावा दिला गेला, आणि आज ते राखाडी खडकावर लांबून चमकते. उघडा राखाडी दगड हा बहुतेक ठिकाणी पडझड झालेल्या, गिलावा गळून गेलेल्या किल्ल्याचा रंग आहे. म्हणजे दरबार भरलेला, पताका फडकणारा, नांदता किल्ला राखाडीत रंगवताना रचनाकार नकळत अवशेषाचे चित्र काढत असतो. चार दशकांत एवढी प्रगती झालेल्या कलेत हा प्रश्न ऐरणीवर येत नाही, याला कारण समीक्षेची गैरहजेरी हेच आहे. कुणी पांढऱ्या विटांचा नांदता किल्ला बांधून त्याच्या फक्त एका ढासळलेल्या कोपऱ्यात राखाडी दगड उघडा पाडला, तर एका रंगबदलात शंभर वर्षांची कथा सांगता येईल.

हीच गत दरवाजाची. किल्ल्याचा दरवाजा कुठे आणि कसा आहे यावरून बांधणाऱ्याने शत्रूचा किती विचार केला हे कळते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. रायगडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या कवेत असा दडला आहे की समोर येईपर्यंत दिसत नाही, आणि आत शिरणाऱ्याला वळावेच लागते. सीरियातल्या क्राक दे शेव्हालिए या धर्मयोद्ध्यांच्या किल्ल्यातही झाकलेली चढण मध्येच उलट वळते. विटांच्या दृश्यांत मात्र दरवाजा बहुधा प्रेक्षकाच्या नाकासमोर, सरळ, उघडा, आणि त्याच्याकडे जाणारी वाट फुलांनी सजलेली. जंग्या दिसायला हव्यात म्हणून केलेल्या असतात, त्यांच्या आतल्या बाजूला तिरंदाज उभा राहील अशी जागाच नसते. चर्या आहेत पण फांजीवर चढायला जिना नाही. फार लोकप्रिय असलेला प्रकार म्हणजे वर पसरत गेलेल्या सुळक्यावरचा किल्ला, ज्याच्या पोटातून धबधबा कोसळतो. ते पाणी वर कुठून आले, आणि धान्याच्या गोण्या वर कशा गेल्या, याचा मागमूस नसतो. एक साधा रहाट, एक टोपली आणि दोर एवढ्या दहा-बारा तुकड्यांत या सुळक्यावर माणसे राहू लागतील.

यावर पहिला आक्षेप येणार तो उघड आहे. ही अद्भुताची दुनिया आहे, इथे ड्रॅगन उडतात, तिथे जिना कुठे आहे असे विचारणे म्हणजे कल्पनेचे पंख छाटणे. आक्षेप वरवर रास्त वाटतो, पण अद्भुताचा नियम उलट आहे. जिथे एक अशक्य गोष्ट मान्य करायची असते तिथे बाकीच्या गोष्टींनी ती पेलावी लागते. ड्रॅगन असलेल्या प्रदेशात गवताची छपरे असतील का? तिथले लोक घरे जमिनीत खोल बांधतील, पाण्याच्या टाक्या ठेवतील, तटाचा रोख आकाशाकडे असेल. ड्रॅगन खरा वाटतो तो त्याच्यामुळे बदललेल्या घरांतून. कंपनीच्या 2023 च्या, रिव्हेंडेल या काल्पनिक वस्तीच्या संचाकडे या नजरेने पाहावे. 6167 तुकड्यांच्या त्या रचनेत तटबंदी नाही, मंडप उघडे आहेत, आणि तरी ते खटकत नाही. ती जागा दरीत लपलेली आहे, तिचे संरक्षण लपण्यात आहे, म्हणून भिंतीची गरज नाही हे वास्तूच सांगते. वास्तवाचा हट्ट धरावा असे मी म्हणत नाही. रचनेने स्वतःच घातलेला नियम स्वतः पाळावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक तयारीचा आहे. खरे किल्लेही निव्वळ लढाईसाठी नव्हते, दिखाव्यासाठी होते. ससेक्समधला बोडियम, ज्याला 1385 मध्ये परवाना मिळाला, तो याचे नेहमीचे उदाहरण. रुंद खंदकात उभा असलेला हा देखणा किल्ला संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी होता, असे अनेक इतिहासकार मानतात. आणि जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन, ज्याच्या प्रतिमेवर आपल्या कल्पनेतले बहुतेक परीकथेचे महाल घडले, तो तर 1869 साली सुरू झालेला, रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकच्या चित्रांवरून बांधलेला आहे. मुद्दा मान्य. पण त्यातून माझे म्हणणे पुसले जात नाही, पक्केच होते. दिखावा हाही हेतू आहे आणि त्याचीही शिस्त असते. बोडियमची भव्यता पाण्यातल्या प्रतिबिंबासकट, येणाऱ्याच्या वाटेवरून पाहण्यासाठी जुळवलेली आहे. दिखाऊ किल्ला बांधायचा तर तो कुणाला दाखवायचा, कुठून दिसावा, आणि ज्याच्याकडे पैसे कमी पडले त्याने मागची बाजू कशी आटोपली, हे दाखवावे. असा किल्ला लढाऊ किल्ल्याहून रसाळ होईल.

प्रमाणाचा प्रश्न मात्र खरोखरच कठीण आहे, आणि इथे रचनाकाराला मोठी सूट द्यावी लागते. मिनिफिगर, म्हणजे लेगोची चिमुकली माणसाकृती, साधारण 4 सेंटिमीटर उंच. माणूस पावणेदोन मीटरच्या आतबाहेर धरला तर हे प्रमाण ढोबळमानाने 1:42 पडते. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या मुख्य बुरुजाची उंची सुमारे 34 मीटर, म्हणजे या प्रमाणात तो एकटाच 80 सेंटिमीटर हवा. वर उल्लेखिलेला 4514 तुकड्यांचा संच साधारण 38 सेंटिमीटरवर थांबतो. शिवाय मिनिफिगर उंचीच्या मानाने फारच रुंद, त्यामुळे दार तिच्या खांद्यांच्या मापाने करावे लागते आणि मग भिंत आखूड वाटते. काय आकसायचे आणि काय नाही, हा या कलेतला सर्वांत मोठा निर्णय आहे. दिवाळीत आपल्याकडची मुले मातीचा किल्ला करतात तेव्हा सिंहासनावरचे महाराज बालेकिल्ल्याहून मोठे असतात, आणि ते कुणाला चुकीचे वाटत नाही, कारण महत्त्व मोठे म्हणून आकार मोठा हा नियम सगळ्यांना मान्य असतो. विटांच्या दृश्यात मात्र प्रमाण बहुधा हाताशी असलेल्या तुकड्यांवरून ठरते. मागच्या डोंगरावर इवलासा किल्ला ठेवून पुढे मोठे झाड उभे करणारे, म्हणजे दृश्याला चित्रासारखी खोली देणारे रचनाकार वाढत आहेत, ही या काळातली सर्वांत आशादायक गोष्ट. छायाचित्रातूनच पाहिल्या जाणाऱ्या रचनेची मागची बाजू रिकामी असते म्हणून कुरकुर ऐकू येते. ती मला पटत नाही. जे एकाच कोनातून पाहायचे आहे त्याचे मोजमाप चित्राच्या कसोटीवर करावे. संगणकावर जुळवलेल्या दृश्यांचीही तीच गोष्ट. फक्त जो तुकडा त्या रंगात कधी निघालाच नाही तो वापरला असेल तर ते सांगावे, कारण मर्यादेशी झुंज हा या कलेच्या आस्वादाचा भाग आहे.

समीक्षेविरुद्धचा शेवटचा आक्षेप भावनेचा आहे. ही हौस आहे, लोक आपला वेळ आणि पदरचा पैसा घालतात, त्यांना दुखवू नये. पण ज्याने महिनोन्‌महिने खपून दृश्य बांधले त्याला ‘सुंदर’ या एका शब्दावर निरोप देण्यात कोणता आदर आहे? ‘तुकड्याचा छान वापर’ ही इथली रूढ शाबासकी आहे. क्रुआसाँ कार्निसवरची नक्षी होतो, गुलाबी बेडूक झाडाचा मोहर होतात, जसे कंपनीने स्वतःच 2021 च्या बोन्साय संचात केले. ओळख पटताच आनंद होतो, यात शंका नाही. मात्र तो आनंद क्षणाचा असतो, आणि केवळ त्याच्यासाठी बांधलेले दृश्य दुसऱ्यांदा पाहावेसे वाटत नाही. बेडकांचा मोहर टिकतो कारण तो लांबून मोहरच दिसतो. कार्निसवरचा क्रुआसाँ ज्या घरावर आहे ते कुणाचे, एवढी नक्षी त्याला परवडते का, हे विचारले की शाबासकीची समीक्षा होते, आणि रचनाकाराला पुढच्या घरासाठी काहीतरी हाती लागते. स्पर्धांच्या परीक्षकांनी गुणपत्रिकेत तंत्र आणि मांडणी यांच्या जोडीला एक रकाना वस्तीसाठी ठेवावा: पाणी, धान्य, दार, जिना, धूर. धुराडे नसलेल्या घरात हिवाळा कसा काढतात, हा प्रश्न परीक्षकाने विचारायलाच हवा, आणि उत्तर म्हणून रचनाकाराने छपराच्या शेंड्याशी चार काळवंडलेल्या टाइल बसवल्या तरी ते घर मी पूर्ण गुणांचे मानेन.