तंजावरचे निरूपण आणि बोलता आवाज

तंजावरच्या कथापरंपरेचा विचार आजवर बहुधा संगीताच्या अंगाने झाला. मेरुस्वामींची ‘कोकिळकंठ’ ही ख्यातीच पाहा : गौरव गात्या गळ्याचा आहे. कथेकऱ्याचा बोलता आवाज, जो श्रोत्याला तास न् तास बसवून ठेवतो, आपल्या अभ्यासात अनुल्लेखित राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांच्या कीर्तनांचा प्रभाव घेऊन तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी रचनाप्रकार रुजले. मधले निवेदन मात्र तमिळ. हे ‘छंदांचे स्थलांतर’ एवढ्यावर चर्चा थांबते, ते मला अपुरे वाटते. साकीच्या 28 मात्रा 16 आणि 12 अशा विभागतात, दिंडीच्या 19 मात्रांत नवव्या मात्रेवर यती येतो. हे घोटणाऱ्या शिष्याचा श्वास ठरावीक अंतरावर सुटू लागतो, आणि तीच सवय त्याच्या गद्यातही उतरत असली पाहिजे. छंद ही येथे बोलण्याचीही तालीम ठरते. हा माझा तर्क आहे. पोथीतून तो सिद्ध होणार नाही, कारण कथेतले गद्य श्रोते पाहून, प्रसंगी बोलायचे असते.

खरी अडचण उच्चारांची. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. अक्षरांना आकडे जोडून भेद दाखवण्याची छपाईतली युक्ती आहे, पण आकडा महाप्राण कसा काढायचा ते सांगत नाही. उलट तमिळमध्ये ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ अर्थभेदक आहेत. मराठी छंदात ‘ए’ गुरूच. म्हणजे साकी संपवून निवेदनाला लागताना वक्त्याला कान बदलावा लागतो. अर्थात देवनागरीनेही फुशारकी मारू नये : ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे आज्ञार्थी क्रियापद यांतला ‘ज’ आपण तरी कुठे वेगळा लिहितो? तो गुरूच्या तोंडून ऐकूनच कळतो. म्हणूनच गुरूच्या मागे बसून साथ करणाऱ्या शिष्याचे ऐकणे हे निव्वळ पाठांतर नव्हे.

सरस्वती महालातील मोडी-देवनागरी हस्तलिखितांच्या सूच्या कर्ता, विषय, लिपी सांगतात. उच्चाराचा पुरावा तेथे शोधण्यापेक्षा तमिळनाडूतील ज्या घरांत दक्षिणी मराठी अद्याप बोलली जाते, तेथील वृद्धांकडून एखादी साकी आधी म्हणवून आणि मग तिचा अर्थ बोलवून ध्वनिमुद्रित करणे मला अधिक निकडीचे वाटते; दोन्ही एकाच बैठकीत, दोन्ही भाषांत.