खलपुरुषांची पारख

नाटकाच्या किंवा कादंबरीच्या नायकाविषयी आपण भरभरून बोलतो. पण खलपुरुषाची गोष्ट निघाली की आपली रसिकता एकदम आळसावते. ‘काय नीच माणूस!’ एवढे म्हटले की काम संपले, असे आपल्याला वाटते. नीच तर खराच. पण किती नीच? ज्याला पुन्हा माणसांत घेताच येणार नाही असा, की कुणी वेळीच हात धरला असता तर सावरला असता असा? हा भेद करण्याच्या भानगडीत आपण सहसा पडत नाही. माझ्या मते हा भेद करणे हे टीकाकाराचे काम आहेच, पण ते सामान्य वाचकाचेही काम आहे. कल्पित माणसांचा न्याय करताना ज्याची सवय मोडते, त्याला खऱ्या माणसांचा न्याय करतानाही अडखळायला होते.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत. पहिले उत्तर मोजदादीचे. ज्याने जास्त माणसे मारली तो जास्त दुष्ट. हे उत्तर खरे मानले तर मॅकबेथ इयागोपेक्षा कितीतरी दुष्ट ठरेल. राजाचा खून, मित्राचा खून, मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल, अशी त्याच्या नावावरची यादी लांबलचक आहे. तरीही नाटक संपताना मॅकबेथविषयी आपल्या मनात एक हळहळ उरते आणि इयागोविषयी काहीही उरत नाही. तेव्हा मोजदादीने हा प्रश्न सुटत नाही हे उघड आहे.

दुसरे उत्तर अलीकडचे आणि अधिक सुशिक्षित आहे. ते म्हणते, खल असा कुणी नसतोच. प्रत्येक दुष्टाच्या मागे एक दुखावलेले माणूस असते. शिवाजी सावंतांनी १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’मध्ये दुर्योधनालाही स्वतःच्या तोंडाने बोलू दिले, आणि तेव्हापासून खलाची कैफियत ऐकण्याची आपल्याला गोडी लागली. ही गोडी वाईट नाही. खुद्द व्यासांनी स्वर्गारोहणपर्वात दुर्योधनाला स्वर्गात आसनावर बसलेला दाखवून धर्मराजाला चकित केले आहे. पण कैफियत ऐकणे वेगळे आणि निर्दोष सोडणे वेगळे. कारण कळले म्हणजे क्षमा झाली, असे समजणारा वाचक न्यायाधीश राहत नाही. तो आरोपीचा वकील होतो.

आपल्या रंगभूमीने या बाबतीत एक तिसरीच वाट चोखाळली होती, ती म्हणजे शेवटच्या अंकातल्या हृदयपालटाची. राम गणेश गडकऱ्यांइतके ठसठशीत खलपुरुष मराठीत फार थोड्यांनी निर्माण केले. ‘पुण्यप्रभावा’तला वृंदावन घ्या किंवा ‘भावबंधना’तला घनश्याम घ्या. लतिकेने केलेला अपमान घनश्यामाच्या मनात असा काही सलतो की एका सबंध कुटुंबाला तो आपल्या मुठीत पकडतो. पण दोघांचाही शेवट पश्चात्तापात होतो. वसुंधरेच्या पातिव्रत्याच्या तेजापुढे वृंदावन वितळतो. घनश्यामही शेवटी वळतो. प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. गडकऱ्यांच्या भाषेचे सामर्थ्य एवढे की हा पालट त्या वेळेपुरता खराही वाटतो. परंतु घरी आल्यावर विचार केला तर मनात येते, की जो इतक्या सहज वळला तो पुरता बिघडलेला होता तरी का? सद्गुणाचा विजय मोठा दिसावा म्हणून दुर्गुणाला शेवटी लहान केले गेले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

याउलट कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा कीचक. १९०७ सालच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घालून तो आपल्यालाही दिसल्याची जणू कबुलीच दिली. या कीचकाला वळण्याची मुभा नाही. कारण तो वळला तर नाटकाचे प्रयोजनच बुडेल. तो मारलाच गेला पाहिजे. पण म्हणूनच त्याच्यावरून अंतिम दुष्टपणाची कल्पना बांधता येत नाही. तो माणसापेक्षा एका सत्तेचा पुतळा अधिक आहे, आणि पुतळ्याला पापपुण्य नसते.

मग कसोटी कोणती? पुष्कळ वर्षे ही नाटके पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला एक खूण सापडली आहे. खलपुरुष घाव कसा घालतो इकडे मी पाहत नाही. घायाळ झालेले माणूस त्याच्याच दाराशी आसरा मागायला आले म्हणजे तो काय करतो, तिकडे मी पाहतो. प्रत्येक थोर नाटककार असा एक प्रसंग कुठेतरी रचून ठेवतो. तिथे खलाला परत फिरायला एक दार उघडे असते, आणि ते उघडणारा हात त्याच्या बळीचाच असतो.

‘ऑथेल्लो’च्या चौथ्या अंकात असा प्रसंग आहे. नवऱ्याने भलताच आळ घेऊन अपमान केल्यामुळे गांगरलेली डेस्डिमोना सल्ला विचारते, तो नेमका इयागोला. गुडघे टेकून ती त्याला विनवते, की माझ्या धन्याचे मन पुन्हा कसे वळवू ते सांगा. तिला गादीवरच गळा दाबून मारावे, ही सूचना इयागोने ऑथेल्लोला आधीच देऊन ठेवलेली आहे. या क्षणी त्याने काही कबूल करायलाही नको होते. नुसते घुटमळला असता, नजर चुकवली असती, तरी आपण त्याला माणूस म्हटले असते. पण तो काय करतो? तिचे सांत्वन करतो. राज्यकारभाराच्या कटकटींनी साहेब त्रासले आहेत, रडू नका, सगळे ठीक होईल, अशा अर्थाचे चार गोड शब्द बोलून तो तिला जेवायला पाठवतो. कोलरिजने इयागोच्या दुष्टपणाला हेतूच नाही असे म्हटले, आणि तेव्हापासून टीकाकार त्याचे हेतू शोधत बसले आहेत. बढती कॅसिओला मिळाली, बायकोविषयी संशय होता, ही कारणे इयागो स्वतःच सांगतो. असतील ती खरी. पण त्यांपैकी एकही कारण या सांत्वनाला पुरत नाही. १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ लिहून हे कथानक मराठी पोशाखात उभे केले आणि ते आपल्या रंगभूमीवर मानवले, त्याचे एक कारण हेच असावे. गोड बोलून गळा कापणारा माणूस ओळखायला व्हेनिसला जावे लागत नाही.

या कसोटीवर शेक्सपिअरचे दुसरे दोन खल घासून पाहावेत. ‘हॅम्लेट’मधला क्लॉडिअसही आरंभी पुतण्याचे सांत्वन करतो, बाप सगळ्यांचेच मरतात, किती दिवस रडणार, असा उपदेश करतो. तिथे तो इयागोचा सख्खा भाऊ शोभतो. पण तिसऱ्या अंकात तो एकटाच प्रार्थनेला बसतो, आणि खुनाने मिळवलेले राज्य व राणी हातात ठेवून क्षमा मागता येत नाही हे त्याला स्वच्छ कळते. दाराशी तो जातो. ओलांडत मात्र नाही. ‘किंग लिअर’मधला एडमंड मरता मरता कॉर्डिलियाला वाचवण्याची धडपड करतो आणि त्याला उशीर होतो. या दोघांना मी नरकात पाठवीन, पण नरकाच्या तळाशी नाही. तळाची जागा इयागोची आहे. सगळे उघडकीस आल्यावर त्याला ‘का?’ असे विचारले जाते, तेव्हा तो यापुढे तोंडच उघडणार नाही असे सांगतो. ते शेवटचे दारही तो स्वतःच्या हाताने लावून घेतो.

इथे कुणी ‘एकच प्याला’तल्या तळीरामाची आठवण देईल, आणि ती योग्यच आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सनद रद्द झाल्याच्या अपमानाने पोळलेल्या सुधाकराचे सांत्वन तळीरामच करतो, आणि तेही पहिला प्याला पुढे करून. म्हणजे माझी खूण त्याला तंतोतंत लागू पडते की काय? मला तसे वाटत नाही. तळीराम जे विष देतो तेच तो स्वतः पितो. दारूवर त्याची श्रद्धा आहे. आर्य मदिरा मंडळ हा त्याच्या लेखी खराखुरा धर्म आहे, आणि त्या धर्मासाठी तो स्वतःही मरतो. सुधाकराला बुडवणारा हात त्याचाच, पण तो हात सुधाकराबरोबरच बुडतो. इयागो डेस्डिमोनाला जे सांगतो त्यातल्या एका अक्षरावरही त्याचा विश्वास नसतो. तळीराम घातक आहे, कपटी नाही. सिंधूच्या संसाराची राखरांगोळी पाहताना हा भेद करणे जड जाते, हे मी जाणतो. पण राग आला म्हणून पारख सोडून चालत नाही.

आपल्या भाषेत इयागोच्या शेजारी बसू शकेल असा खल मला एकच दिसतो, आणि तो म्हणजे विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना. इतिहासातल्या नाना फडणविसांचा न्याय इथे करायचा नाही. १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलेल्या नानांपुरतेच मी बोलतो. या नाटकात क्रौर्य सगळे घाशीराम करतो. पुण्याने केलेल्या अपमानाचा सूड म्हणून तो पोटची पोर विकून कोतवाली घेतो आणि शहर पिळून काढतो. मोजदाद केली तर दोषी तोच. पण त्या पोरीचा, गौरीचा, अंत झाल्यावर तोच घाशीराम बापाच्या नात्याने संतापून नानांपुढे उभा राहतो. त्याचे दार किलकिले होते. नानांचेही होऊ शकले असते. क्षणभर ते घाबरतातही. मग ते काय करतात? जन्ममरणाचे तत्त्वज्ञान सांगून त्याची समजूत घालतात. ज्याची मुलगी त्यांनी भोगून टाकली, त्याच्या जखमेवर ते अध्यात्माची पट्टी बांधतात. आणि पुढे लोक खवळले तेव्हा शांत चित्ताने त्यालाच जमावाच्या हवाली करतात. घाशीरामाच्या मरणात एक भयंकर न्याय आहे. नानांना मात्र शिक्षा होत नाही, पश्चात्ताप होत नाही. नाटक संपते तेव्हा ते उत्सवातच असतात. गडकऱ्यांच्या हृदयपालटापासून मराठी नाटक किती दूर आले हे या शेवटावरून कळते.

आता एक शंका उरते. ही कसोटी फार नाजूक आहे, गोड बोलण्याला ती अवाजवी महत्त्व देते, आणि उघड क्रौर्याला सूट देते, असे कुणी म्हणेल. म्हणून सर्वांत अवघड आरोपी शेवटी घेतो. तो म्हणजे अश्वत्थामा. सौप्तिकपर्वातली ती रात्र आठवा. कृपाचार्य त्याला आवरतात, थोरांना विचार म्हणतात, आणि तो ऐकत नाही. झोपलेला धृष्टद्युम्न, झोपलेली द्रौपदीची पाच मुले, कुणालाही तो सोडत नाही. खोटे बोलून बापाला मारले, हे त्याचे दुःख खरे आहे. धृष्टद्युम्नाचा वध त्या दुःखात बसतो, मुलांचा बसत नाही. पुढे व्यास आणि नारद अस्त्रे आवरा म्हणून मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेण्याची शक्तीच नाही, इथपर्यंत आपण त्याला समजून घेऊ. पण ते कुठे सोडायचे हे त्याच्या हातात होते, आणि त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडले. माझ्या वाचनात याहून काळे कृत्य नाही.

महाभारताने त्याला मारले नाही. मस्तकावरचा मणी गेला, आणि तीन हजार वर्षे रक्तपुवाच्या दुर्गंधीत एकट्याने भटकण्याचा शाप कृष्णाने दिला. त्यात क्षमेचा शब्द नाही. पण तो कुणाला फसवत नाही, कुणाचे डोळे पुसत नाही. आपले पाप तो उघड्या कपाळावर वागवतो. म्हणून की काय, आपल्या लोकांनी त्याची एक वेगळीच गोष्ट जपून ठेवली. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा दारोदार हिंडतो, असे आपल्याकडे अजून सांगतात. शाप कुणी मागे घेतलेला नाही, त्याचा गुन्हा कुणी लहान केलेला नाही. तरी तेल मागणारा हात लोकांनी त्याला ठेवू दिला. इयागोने किंवा नानांनी कुणाच्या दाराशी येऊन तेल मागितल्याची गोष्ट कुणी रचलेली नाही, आणि पुढेही कुणी रचील असे मला वाटत नाही.