खळी, वण आणि वीटकरी

माझी पुतणी सुदुंबऱ्याहून रोज चाकणच्या एका कारखान्यात कामाला जाते. गेल्या दिवाळीत तिने मला विचारले, "नाना, गालाला खळी पाडून घ्यावी म्हणते. पगारातनं पैसे साठवलेत. तुम्ही काय म्हणता?" त्याआधी दोन ठिकाणचे पाहुणे तिला बघून गेले होते. नकाराचे कारण कोणी तोंडाने सांगत नाही. मुलगी सावळी आहे एवढे आम्हाला कळते. मी तिला त्या वेळी उत्तर दिले नाही.

ओठाचा कोपरा वर ओढणारा गालातला स्नायू काही माणसांत जन्मतः दुभंगलेला असतो. हसताना त्याच्यावरची कातडी आत ओढली जाते आणि खळगा दिसतो. खळी म्हणतात ती एवढीच. ती नसेल तर शल्यवैद्य तोंडाच्या आतून गालाला लहानसा छेद घेतो आणि कातडीची आतली बाजू टाक्याने स्नायूला बांधतो. जागा बधिर केली की अर्ध्या तासाचे काम. पहिले काही दिवस माणूस रडत असला तरी खळी दिसते, पुढे ती हसण्यापुरती उरते. तिची जागाही आखलेली आहे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून उभी रेघ, ओठाच्या कोपऱ्यातून आडवी रेघ, आणि त्या छेदतात तिथे खळी. सिंगापूरचे शल्यवैद्य खू बू-चाय यांनी १९६२ साली ही रीत लिहून ठेवली. त्याच्याही आधी, १८९६ साली, मार्टिन गोट्झ नावाच्या माणसाने खळ्या पाडण्याच्या यंत्राचे अमेरिकेत पेटंट घेतले होते. म्हणजे हौस जुनीच आहे.

पण याला केवळ हौस म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. माझ्या आईच्या दोन्ही गालांवर देवीचे वण होते. तेही खळगेच. एका खळग्यावर आमच्या लोकप्रिय कादंबरीकारांनी पाने खर्ची घातली. नायिका हसली की खळी पडायची आणि नायक तिच्यात बुडायचा. वण असलेला चेहरा माझ्या वाचनात आला तो बहुधा दरोडेखोराचा, नाहीतर घरकाम करणाऱ्या बाईचा. खळगा सुंदर की कुरूप हे खळग्याकडे पाहून ठरतच नाही. तो कोणाच्या वाट्याला कसा आला यावर ते ठरते. खळी ही निश्चिंत हसण्याची खूण, आणि वण ही जिथे लस वेळेवर पोचली नाही त्या वस्तीची. देवीचा देशातला शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला. तिच्या वणांकडे पाहणारा डोळा मात्र अजून तोच आहे. प्रस्थापित सौंदर्यदृष्टी म्हणतात ती हीच, आणि आपले लेखनही तिच्यापासून पूर्ण सुटलेले नाही. अण्णा भाऊंच्या नायिका लढाऊ आहेत, पण त्या देखण्याही आहेत. हे कबूल करायला आपण कचरू नये.

चेहऱ्यावर चालणाऱ्या सुरीचा इतिहास या लाडांपासून सुरू होत नाही. त्याचा एक महत्त्वाचा धागा आमच्या पुण्यापाशी आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या, वीट भाजणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन त्याने कपाळाची तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांमधला देठ राखला. मग ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वर काताच्या लगद्याने माखलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या आणि चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी लावली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकीकत चित्रासह छापली. पुढे कार्प्यू या डॉक्टरने १८१४ साली लंडनमध्ये तीच रीत वापरली आणि १८१६ मध्ये तीवर पुस्तक लिहिले. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीची युरोपातली नवी सुरुवात तिथून धरतात.

त्या हकीकतीत रोग्याचे नाव आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याची फक्त जात आहे. सुश्रुताचा अभिमान सांगणारे आपले लोकही या वीटकऱ्यापाशी फारसे थांबत नाहीत. आमच्या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तेल्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, म्हणून त्या शब्दांबरोबर त्याचेही नाव राहिले. वीटकऱ्याच्या हातात सुरी होती. त्याचे लिहिणारा कोणी नव्हता.

मराठीत नाक म्हणजे अब्रू. वीटकऱ्याने कावसजीला कातडीबरोबर अब्रूही परत दिली. मग माझी पुतणी मागते ते काय आहे? पोहे घेऊन पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलीचे नाक दर वेळी थोडे थोडे कापले जाते, आणि ते परत मिळवायला ती गालाकडे वळते. म्हणून मला तिच्यावर टीका करता येत नाही. टीका करायची तर बघायला येणाऱ्यांवर करायची, आणि त्यांना बघायला शिकवणाऱ्या पुस्तकांवर.

परवा मी तिला सगळे सांगितले. जखम चिघळू शकते, दोन गाल सारखे दिसतील याची खात्री नसते, गालातल्या नसेला इजा होऊ शकते, आणि एवढे करून रंग सावळाच राहील. पैसे तिचे आहेत, तेव्हा ठरवायचेही तिनेच, हेही सांगितले. तिने मुकाट्याने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आजीला वण बुजवायची सोय असती, तर तिनं बुजवले असते का हो नाना?"

मी आईला हे कधी विचारले नव्हते.