त्याच दिवशी घरी?

अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने ‘रुग्णालयात दाखल करूनच’ करावयाच्या शस्त्रक्रियांच्या यादीतून २०१८ मध्ये गुडघारोपण व २०२० मध्ये खुबारोपण वगळले. सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी, हा प्रकार तेथे वाढला. अशा रुग्णांत गुंतागुंत अधिक आढळत नाही, म्हणून तो सुरक्षित, असे सांगतात. हा युक्तिवाद आम्हाला (शब्दाबद्दल क्षमस्व!) लंगडा वाटतो. घरी पाठवायला मुळात निवडतात ते वयाने कमी, हृदयविकार नसलेले, घरी सोबत असलेले रुग्ण. हुशार मुलांची तुकडी वेगळी काढून तिच्या निकालावरून शिक्षकाची पारख करावी, तसेच हे. पायातील रक्ताची गुठळी बऱ्याचदा काही दिवसांनी होते, ती रुग्णालयातल्या एका रात्रीने टळत नाही, हे मान्य. पण एकट्या राहणाऱ्या, मधुमेही आजींना संध्याकाळी सोडावे की नाही, ते या आकड्यांवरून ठरत नाही.