‘ऑइल!’मधला प्रेमळ बाप

‘देअर विल बी ब्लड’ (२००७) पाहिला आणि मग तो ज्यावर बेतलाय ती अप्टन सिंक्लेअरची ‘ऑइल!’ (१९२७) वाचायला घेतली. डॅनियल डे-लुईससारखा कर्दनकाळ भेटणार असं वाटलं होतं. भेटला तो चक्क प्रेमळ बाप! जे. अरनॉल्ड रॉस, एकेकाळी खेचरं हाकणारा, आता कॅलिफोर्नियातला तेलवाला. मुलाला, म्हणजे बनीला, गाडीत शेजारी बसवून सगळीकडे नेतो आणि त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं देतो.

बनीच्या पॉल नावाच्या मित्राच्या घरच्या रानात, जिथे शेळ्या चरतात, तिथे तेल पाझरताना दिसतं. रॉस लाव्यांच्या शिकारीचं निमित्त करतो आणि ते रान स्वस्तात पदरात पाडून घेतो. तेलाबद्दल चकार शब्द काढत नाही. बनीला हे खटकतं. बाप चिडत नाही, समजावून सांगतो. माझी पंचाईत अशी की त्याचं म्हणणं मला पटत होतं. हा व्यवहार उघडा पडू नये, असं मलाच वाटायला लागलं. रस्ता करून घ्यायला लाच देतानाही तो असाच शांत असतो.

हीच सवय पुढे वॉशिंग्टनपर्यंत जाते. तो भाग ‘टीपॉट डोम’ प्रकरणावरून घेतलाय. अंतर्गत खात्याचे (इंटीरियर) मंत्री अल्बर्ट फॉल यांनी १९२२ मध्ये नौदलाचे तेलसाठे निविदा न मागवता खाजगी कंपन्यांना दिले. तेलसम्राट डोहेनीकडून त्यांना १ लाख डॉलर मिळाले होते. पुढे लाच घेतली म्हणून फॉल दोषी ठरले आणि तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी सुटले. असा निकाल कादंबरीत घातला असता तर अतिशयोक्ती वाटली असती.

उत्तरार्ध मात्र रेंगाळतो. पॉल कम्युनिस्ट होतो आणि माणसापेक्षा पत्रकासारखा बोलू लागतो. मी काही पानं सरळ उलटली. तरीही सिनेमापेक्षा मला कादंबरीच जास्त बोचते. सिनेमाने राजकारण गाळलं, त्यामुळे लोभ एका माणसाचं वेड होऊन बसला. इथे तो घरातल्या मायेइतका साधा आहे.

बॉस्टनमध्ये पुस्तकावर आक्षेप आला तो एका प्रणयप्रसंगामुळे, अश्लील म्हणून. सिंक्लेअरने ती नऊ पानं अंजिराच्या पानाच्या चित्राने झाकलेली आवृत्ती काढली आणि स्वतः रस्त्यावर उभं राहून विकली. लाचेची पानं उघडीच होती.